खरी गोम

बैलाच्या अंगावरची गोम बघून त्याची किंमत पाडणारा माणूस आमच्याकडं शहाणा समजला जातो. गाईला भरवलेल्या वळूचा नंबर विचारणारा मात्र किरकिऱ्या ठरतो. माणदेशात जन्म काढला, दावणीला चार जनावरं कधी कमी नव्हती, आणि हे उलटं शहाणपण मी जन्मभर बघत आलो. त्याच्याशी माझं भांडण आहे. ते इथं एकदा मोकळेपणानं मांडतो. कुणाला राग आला तर येऊ दे.

आधी जुन्या माणसांचं जे खरं होतं ते सांगतो, नाहीतर म्हणाल, चार बुकं वाचून हा बापाला शिकवायला निघाला. खरसुंडीच्या यात्रेत आबा खोंड बघायचे. हेडी उपरण्याखाली बोटं धरायला हात पुढं करायचा, पण आबांचं तिकडं लक्षच नसायचं. ते आधी खोंडाची कातडी चिमटीत धरायचे. सोडली की ती झटदिशी जागेवर बसली पाहिजे. मग केसांवरनं उलटा हात फिरवायचे. केस आखूड पाहिजे, अंगासरशी बसलेला पाहिजे, उन्हात चमकला पाहिजे. "केस राठ, तर जनावर आतनं राठ," असं त्यांचं म्हणणं. यात खोटं काही नव्हतं. पोटात जंत असले, खाण्यात उणं असलं, अंगात ताप मुरला असला, तर पहिली खबर केसच देतात.

आणि केस-कातडी वंशातनं येते, हेही त्या पिढीला ठाऊक होतं. अकोले-इगतपुरीकडची डांगी गाय मुसळधार पावसात चरते, कारण तिच्या कातडीतनं तेलकट ओशटपणा पाझरतो आणि पाणी अंगावर ठरत नाही. देवणीच्या रंगावरनं वानेरा, बालंक्या, शेवेरा अशी नावं मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांनीच पाडली. आमच्या खिलारचा केस आखूड आणि गुळगुळीत, म्हणून तो वैशाखात औताला चालतो. हे सगळं आई-बापाकडनं उतरतं, हे सांगायला त्यांना कुठली प्रयोगशाळा लागली नाही.

पण याच शहाणपणाच्या मानेवर दुसरं एक भूत बसलेलं होतं. ते म्हणजे गोम आणि भोवरा. अमक्या जागी केसांचा भोवरा असला तर जनावर मालकाला खातं. तमक्या जागी गोम असली तर घरात लक्ष्मी टिकत नाही. चांगली राबणारी, गरीब स्वभावाची खोंडं या एका कारणानं निम्म्या किमतीत गेलेली मी डोळ्यांनी पाहिलीत. विकणारा कर्जात, घेणारा हेडी खुशीत. पुढच्या बाजारात तोच हेडी गोमेवरनं तेलाचा हात फिरवून तेच खोंड दुप्पट किमतीला खपवायचा.

तुम्ही म्हणाल, भोवऱ्याला काहीच अर्थ नाही का? थोडा आहे. अमेरिकेत टेम्पल ग्रँडिन या बाईंनी गुरांच्या कपाळावरचे भोवरे तपासले. भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर असलेली जनावरं पकडल्यावर जास्त बुजतात, असं त्यांना दिसलं. म्हणजे भोवरा जनावराच्या स्वभावाबद्दल एखादी गोष्ट सांगत असेल. मालक कधी मरणार हे तो सांगत नाही. मालक कर्जानं मरतो, भोवऱ्यानं नाही.

आता मूळ गोष्टीवर येतो. वीस-बावीस वर्षं झाली असतील. आमच्या भावकीतल्या एका चुलतीच्या दावणीला संकरित गाय होती. तिसऱ्या वेताला ती व्याली आणि कालवड झाली ती अंगावर केस नसलेली. पापण्यांना केस होते, नाकपुडीभोवती राठ मिशा होत्या, शेपटीच्या टोकाला चार तंतू होते. बाकी सगळी कातडी उघडी, गुलाबी, सुरकुतलेली. पौषाचे दिवस. धाकट्या सुनेनं तिला पोत्यात गुंडाळली, चुलीजवळ ठेवली, बोटावर चीक पाजला. नऊ दिवस जगली ती कालवड.

त्या नऊ दिवसांत त्या घरात काय झालं ते आजही आठवलं की जीव तुटतो. चुलती म्हणाली, "धाकटीनं गिराण पाळलं न्हाई. गिराणात गोठ्यात गेली व्हती ती." शेजारणी आल्या. "बाय माझे, ही खूण चांगली न्हाई," म्हणून पदर तोंडाला लावून गेल्या. कुणी म्हणालं गाईला बाहेरचं झालंय. गाय भरपूर दूध देणारी, डेअरीला तिचंच दूध जायचं, त्यावर पोरांच्या वह्या-पुस्तकांचं भागायचं. ती गाय सांगोल्याच्या बाजारात नेली आणि अवलक्षणी म्हणून मिळेल त्या पैशाला हेड्याच्या हवाली केली. सुनेला पुढं वर्षभर गोठ्यात पाऊल टाकू दिलं नाही. तिनं त्या गाईला वासरासारखी सांभाळली होती.

आणि या सगळ्या निवाड्यात एकाची साक्ष कुणीच काढली नाही. त्या कालवडीच्या बापाची.

गाय भरवायला आमच्याकडं एक खासगी माणूस फटफटीवर नायट्रोजनचं भांडं बांधून यायचा. सगळे त्याला डॉक्टरच म्हणायचे. मी त्याला गाठून विचारलं, "या गाईला कुठल्या वळूची कांडी दिली होतीस?" तो हसला. "तात्या, नंबर घिऊन काय वळूचा सात-बारा काढायचाय का?" त्याची वही बघायला मागितली. वहीत तारीख, गावाचं नाव आणि घेतलेले पैसे, एवढंच. कांडीवर वळूचा नंबर छापलेला असतो, हे त्याला माहीत होतं. कांडी त्यानं त्याच दिवशी उकिरड्यावर फेकली होती. सगळेच फेकतात.

त्याच पावसाळ्याआधी पलीकडच्या वस्तीवरही असंच वासरू झाल्याची कुजबुज कानावर आली होती. मी जाऊन विचारलं. घरधन्यानं साफ कानावर हात ठेवले. म्हणे, "आमच्यात असलं काय झालं न्हाई." नंतर त्यांच्याच गड्यानं सांगितलं, वासरू रातोरात पुरलं होतं. पोरीचं लगीन ठरत आलं होतं, घराला दोष नको म्हणून. आता मला सांगा, या दोन वासरांचा बाप एकच होता की दोन, हे कोण सांगणार? एका घरानं गाय विकली, दुसऱ्यानं वासरू पुरलं, कांड्या उकिरड्यावर. पुरावा होता तेवढा आपण आपल्याच हातानं मातीत घातला.

माझं म्हणणं इथंच आहे. बाईला आणि गाईला दोष द्यायची आपली जी खोड आहे, ती नुसती दुष्ट नाही, ती आंधळीही आहे. जिथं दोष लागतो तिथं माणूस लपवतो, आणि लपवलं की कारण कायमचं हरवतं.

केस नसलेलं वासरू जन्मलं की ते वंशदोषानंच, असंही मी म्हणत नाही. कारणं बरीच असतात. गाभण गाईच्या खाण्यात आयोडीन कमी पडलं, तर वासरू अशक्त आणि केसाविना जन्मतं, त्याच्या गळ्याशी गाठ सुजलेली दिसते. गाभणपणी आईला काही विषाणूंची बाधा झाली, तरी केसांवर परिणाम होतो. तांबं कमी पडलं तर डोळ्यांभोवतीचे केस फिके होतात, जनावरानं चष्मा लावल्यासारखं दिसतं. आयोडीन कमी असेल तर खनिज मिश्रणाची पुडी पुरते. विषाणू असेल तर कळपाची तपासणी लागते. आणि दोष बीजात असेल तर वळू बदलावा लागतो. तीन कारणं, तीन वेगळे उपाय. गाय विकणं यातल्या एकावरही उपाय नाही. त्या चुलतीनं दुसरी गाय आणली आणि त्याच माणसाकडून, त्याच भांड्यातल्या कांडीनं भरवली.

बीजातला दोष म्हणजे काय, हे शेतकऱ्याला न समजण्यासारखं अवघड नाही. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. औताला दोन बैल असतात तसंच. एक बैल लंगडा निघाला तरी दुसरा ओढून नेतो, औत चालतं. लांबून बघणाऱ्याला काही कळतही नाही. अशा जनावराला वाहक म्हणतात. ते धडधाकट असतं, दूध देतं, प्रदर्शनात बक्षीसही मिळवतं. पण वाहक गाईला वाहक वळू लागला, तर दर चार वासरांत सरासरी एकाच्या वाट्याला दोन्ही बैल लंगडे येतात, आणि औत जागेवर बसतं. म्हणजे असं वासरू जन्मलं तर दोष निम्मा आईचा आणि निम्मा बापाचा. आईला बाजार दाखवायचा आणि बापाच्या कांड्या नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर पुढच्या गावाला पाठवायच्या, हा कुठला न्याय?

आता हिशेब बघा. वळू वाहक आहे आणि गावातल्या गाई निर्दोष आहेत. पहिल्या पिढीत एकही वासरू वाईट निघणार नाही. सगळे खूष. पण त्याच्या निम्म्या मुली वाहक झाल्या. दीड-दोन वर्षांत त्या माजावर आल्या. त्यांना पुन्हा त्याच वळूची कांडी दिली, तर सगळ्या मुली मिळून आठ वासरांमागं सरासरी एक दोषी. गावाला वाटतं हे आभाळातनं पडलं. ते पडलेलं नसतं. बापाचं बीज मुलीलाच दिलेलं असतं, आणि वहीत नंबर नसल्यानं ते कुणाला कळलेलं नसतं. माणसात भावकीत सोयरीक करत नाही आपण, पण गाईच्या बाबतीत बापालाच जावई करतो.

सगळे दोष एकाच रीतीचे नसतात. काहींत एकच प्रत बिघडली तरी काम बिघडतं. एखादा बैल असा अडेल असतो की चांगल्या बैलालाही तासातनं बाहेर ओढतो. न्यूझीलंडमध्ये फ्रिजियन-जर्सी संकराची वासरं जन्मली, त्यांची जिभेवरची, मुस्काटावरची कातडी सोलून निघायची. कातडीला घट्टपणा देणाऱ्या केराटिन ५ या प्रथिनाच्या जनुकात बिघाड निघाला. २००५ साली हे छापून आलं. ती सगळी वासरं एकाच वळूची होती. त्या वळूच्या अंगातल्या काही पेशींत बिघाड होता, काहींत नव्हता. त्याचा नंबर लिहिलेला होता म्हणून वासरांवरनं बापापर्यंत पोचता आलं.

त्याच देशातली दुसरी गोष्ट आमच्या दूधवाल्यांनी मुद्दाम ऐकावी. एका वळूच्या निम्म्या मुली अंगभर दाट, लांब केसांच्या निघाल्या. उन्हात धापा टाकायच्या, आणि व्याल्यावर त्यांना दूधच नीट उतरायचं नाही. २०१४ साली शास्त्रज्ञांनी दाखवलं की दोष प्रोलॅक्टिन या संप्रेरकाच्या जनुकात आहे. त्याच संशोधनात उलटी बाजूही सापडली. कॅरिबियन बेटांतल्या सेनेपोल गुरांत याच संप्रेरकाला धरून घेणाऱ्या जनुकात बदल आहे, त्यानं केस आखूड आणि गुळगुळीत होतात, आणि ती गुरं ऊन चांगलं सोसतात. म्हणजे दूध आणि केस एकाच दोरीला बांधलेले. आबा खोंडाच्या केसांवरनं उलटा हात फिरवायचे त्यात केवढा अर्थ होता बघा. आणि आपण तो अर्थ टाकून गोम तेवढी धरून बसलो.

बेल्जियममध्ये काही वासरांची कातडी ओल्या कागदासारखी फाटायची. १९७१ साली तिथल्या संशोधकांनी दाखवलं की कातडीतल्या कोलॅजनची घडण अर्धवट राहते. पुढं १९९२ साली माणसांच्या लेकरांतही तोच आजार ओळखला गेला, आणि १९९९ साली दोघांचं जनुक एकच निघालं. वासराकडं नीट बघितल्याचा उपयोग माणसाच्या पोराला झाला. त्या वासरांनाही कुणी रातोरात पुरून टाकलं असतं तर?

आणखी एक. फ्रिजियन रक्ताच्या गुरांत एक आजार आहे, त्याला आदेमा रोग म्हणतात. वासरू जन्मताना चांगलं असतं. महिना-दीड महिन्यानं तोंडाभोवती, डोळ्यांभोवती, सांध्यांवर खपल्या धरतात, केस झडतात. आतड्यातनं जस्त शोषून घेणारं जनुक बिघडलेलं असतं. पोटातनं भरपूर जस्त दिलं की वासरू सुधारतं, बंद केलं की पुन्हा तेच. आमच्याकडं असं वासरू सुधारलं तर देवऋषी नारळ घेऊन मोकळा होईल, आणि तीच कालवड उद्या गाय म्हणून दावणीला येईल. कातडी औषधानं बरी होते, बीज होत नाही.

कुणी म्हणेल, म्हणजे सगळा दोष वळूवर ढकलायचा तुमचा विचार दिसतो. नाही. होल्स्टीन गुरांत असाही आजार सापडलाय की गोऱ्ह्याला केस विरळ आणि दात नाहीत, आणि त्यात बापाचा काडीचा संबंध नसतो. तो एक्स गुणसूत्रावरनं येतो, आणि गोऱ्ह्याला ते आईकडूनच मिळतं. आई वरनं धड दिसते आणि तिच्या निम्म्या गोऱ्ह्यांत तो उतरतो. तिथं आईची ओळ तपासावी लागेल. कुणाला तरी आरोपी करा, अशी माझी मागणीच नाही. तपास करा, एवढीच आहे. आणि तपासाला दोन्हीकडची नावं लागतात.

आता आमचे देशी गाईचे अभिमानी पुढं येतील. "हे सगळं परदेशी रक्ताचं पाप. आमच्या देशी जनावरात असलं नसतं." मी खिलारवाला आहे, माझा अभिमान कुणापेक्षा कमी नाही. पण हे बोलणं खोटं आहे. सुप्त दोष कुठल्याही वंशात असतात, आणि जवळच्या रक्तात पैदास झाली की वर येतात. गावोगाव देवाला सोडलेला एकच पोळ वर्षानुवर्षं हिंडायचा, लेकी-नातींना तोच लागायचा. तिथं काय झालं, काय पुरलं, याची नोंद कुणी ठेवली? आपल्या मुऱ्हा म्हशीची वंशावळ ब्राझीलमध्ये वाढली. तिथं पांढरी फटक, गुलाबी डोळ्यांची रेडकं जन्मली, तेव्हा त्यांनी तपासलं आणि २०१२ साली रंग तयार करणाऱ्या टायरोसिनेज जनुकातला बिघाड दाखवला. मुऱ्हा काही परदेशी नाही. परदेशात जास्त आजार सापडले, कारण परदेशात ते जास्त शोधले. आपल्या दावणीला ते नाहीत असं नाही, आपल्या दावणीला वही नाही.

दुसरे म्हणतील, कातडीचा आजार म्हणजे लंपीच की. २०२२ साली लंपीनं आमच्याकडं दावणी मोकळ्या केल्या, ते दुःख मोठं आहे. पण तेव्हापासून अंगावर काहीही दिसलं की लोक लंपी म्हणतात. लंपी विषाणूची, गोमाशी-डासांनी पसरणारी. खरूज गोचीडासारख्या बारक्या किड्यांची. गजकर्ण बुरशीचं. हे सगळे बाहेरनं आलेले पाहुणे. बीजातला दोष घरातला असतो. तो जन्मतः किंवा जन्मल्यावर थोड्याच दिवसांत दिसतो, शेजारच्या जनावराला लागत नाही, आणि एकाच वंशात पुन्हा पुन्हा येतो. एवढा फरक गुरं राखणाऱ्या पोरालाही शिकवता येईल.

तिसरे सरकारी पद्धतीचे. "तात्या, हे सगळं कागदावर ठीक. आपल्याकडं होणार कसं?" होऊ शकतं, कारण झालंय. ब्लॅड नावाचा होल्स्टीनमधला एक वंशदोष होता, कातडीचा नव्हे, रोगप्रतिकाराचा. १९५२ साली अमेरिकेत जन्मलेल्या एका नामांकित वळूपासून तो गोठवलेल्या रेतामार्फत जगभर गेला. १९९२ साली त्याचं जनुक सापडलं, तेव्हा अमेरिकेतल्या तपासलेल्या वळूंपैकी सुमारे १४ टक्के वाहक निघाले. चाचणी निघाली, वाहक वळू बाजूला काढले, आजार मागं हटला. आपल्याकडच्या वीर्य केंद्रांतही होल्स्टीन वळू घेताना ब्लॅडसारख्या ठरावीक दोषांची चाचणी करतात. म्हणजे विद्या आहे, यंत्र आहे, माणसं आहेत. अमेरिकेत हेअरफर्ड गुरांच्या संघटनेनं केसहीनतेच्या दोषासाठी, वळू वाहक आहे की मुक्त, हे नावापुढं छापायची पद्धत ठेवलीय. वाहक ठरला म्हणून वळू मारून टाकत नाहीत. वाहक गाईला तो देत नाहीत, एवढंच. त्याला कुणी अवलक्षणी म्हणत नाही.

आणि या चाचणीला नमुना काय लागतो? शेपटीचे मूठभर केस, मुळासकट उपटलेले. केसाच्या मुळाशी जनावराच्या आई-बापाची सगळी लिहावळ असते. पिढ्यान् पिढ्या आपण केसांच्या वळणात भविष्य वाचत बसलो, आणि खरं लिहिलेलं होतं मुळाशी. खरी गोम तिथं आहे.

तर माझ्या मागण्या. पहिली शेतकऱ्याकडं. प्रत्येक घरात एक वही पाहिजे. गाय कधी भरली, कुठल्या नंबरच्या वळूनं, कधी व्याली, वासरू कसं झालं. कांडी फेकायची नाही, पुसून त्या पानावर चिकटवायची. लेकीला बापाची कांडी द्यायची नाही, आणि गावचा वळू त्याच्या लेकी माजावर यायच्या आत बदलायचा. वासरू वेगळं झालं तर फोटो काढायचा, तालुक्याच्या दवाखान्याला कळवायचं, मेलं तरी केस आणि कानाचा तुकडा जपून द्यायचा. पुरायचं ते नंतर.

दुसरी भरवायला येणाऱ्याकडं. पैसे घेतोस तर पावती दे, आणि पावतीवर वळूचा नंबर दे. हा उपकार नाही. बियाण्याच्या पिशवीवर वाण छापलेला नसेल तर आम्ही पिशवी घेत नाही, मग वासराचं बियाणं बिननावाचं का घ्यायचं?

तिसरी सरकारकडं. जनावराच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला मारलात, चांगलं केलंत. मी वस्तीवर विचारत हिंडलो तेव्हा बिल्ला सगळ्यांना दाखवता आला, त्या जनावराच्या बापाचा नंबर फारच थोड्यांना सांगता आला. बिल्ल्याच्या नोंदीत बाप भरल्याशिवाय ती नोंद पुरी मानू नका. शिरवळला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, नागपूरला विद्यापीठ आहे. गावातनं आलेलं वेगळं वासरू तिथवर पोचायची वाट बांधा, आणि एका वळूची दोन-तीन वासरं तशी निघाली तर त्याच्या कांड्या थांबवून तसं जाहीर करा. ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठात प्राण्यांतल्या अशा आनुवंशिक दोषांची मोठी यादी ठेवतात, ओमिया म्हणतात तिला. त्या यादीत आपल्या दावणींचीही नोंद असली पाहिजे.

आणि शेवटची मागणी घरातल्या मोठ्या माणसांकडं, सासवांकडं आणि सासऱ्यांकडं. गोठ्यात काही विपरीत झालं, तर सुनेकडं बघायच्या आधी वही बघा. ग्रहण चंद्राला लागतं, कालवडीच्या केसांना नाही. ज्या बाईनं वासराला पोत्यात गुंडाळून चुलीशी ठेवलं, तिच्याइतकं त्या वासराबद्दल कुणालाच सांगता आलं नसतं. कुठल्या दिवशी काय दिसलं, काय खाल्लं, कशानं थरथरलं, सगळं तिच्या डोक्यात होतं. तपास करणाऱ्याला सगळ्यात मोठा साक्षीदार तीच होती, आणि तिलाच आपण गोठ्याबाहेर काढलं.

तेव्हा पुढच्या वेळी गाय माजावर आली, डॉक्टर फटफटीवर आला, की त्याला पाण्याचा तांब्या द्या, बसायला घोंगडं द्या, आणि काम झाल्यावर कांडी मागून घ्या. तो हसेल. हसू दे. नंबर लिहून झाल्याशिवाय पैसे देऊ नका.